आग्नेल लोपीसचा माथेरानचा बेत

राजोडीच्या आग्नेल लोपीसला बेत आखायची भारी हौस होती. गावात कुणाचं लग्न निघालं, चर्चच्या सणाला मांडव घालायचा झाला, नाहीतर एखाद्या वाडीतल्या बावखलातला, म्हणजे तळ्यासारख्या विहिरीतला, गाळ उपसायचा झाला, की माणसं आग्नेलला हाक मारत. आधी काय, मागाहून काय, कोणी कुठे उभं राहायचं, हे तो असं जुळवून देई की कुणाचा पाय कुणाच्या पायात येत नसे. मुंबईला फोर्टात एका विमा कंपनीत तो कारकून होता. तिथंही कामाची वाटणी करायची झाली की साहेब त्यालाच पुढे करायचे. स्वभावाने गरीब. कुणाला टाकून बोलायचा नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसाने एका बेतातून आपल्या सख्ख्या बहिणीला वगळलं आणि त्याचं पुढे काय झालं, त्याची ही हकीकत.

राजोडी म्हणजे समुद्राकाठचं सपाट गाव. एका अंगाला माड आणि वाळू, दुसऱ्या अंगाला केळीच्या वाड्या. डोंगर म्हणाल तर दूर उगवतीला तुंगारेश्वराची निळसर रांग, तीही पावसाळा सरल्यावरच स्वच्छ दिसायची. आग्नेलचं मन लहानपणापासून त्या रांगेत अडकलेलं. लढाई संपली त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत ऑफिसातली मंडळी माथेरानला निघाली आणि त्यालाही ओढून घेऊन गेली. नेरळहून ते पायी चढले. तांबड्या मातीची वाट, दोन्ही बाजूंना झाडी, मधेच झाडी संपून पायाशी एकदम दरी. आग्नेल घरी परतला तो त्या वाटेचं वेड घेऊनच. त्यानंतर लग्न झालं, ग्रेसी झाली, ज्युलियस झाला, वर्षं निघून गेली. पण ताकाच्या वाटीत बोट फिरवत बसला तरी तो मनातल्या मनात कुठला तरी चढ चढतो आहे, हे घरच्यांना कळायचं.

चोपन्न सालच्या जानेवारीत, ऐन थंडीत, त्याची बायको मार्गारेट छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली. फुप्फुसाशी पाणी झालं होतं. उतार पडला, पण अंगात त्राण राहिलं नाही. पापडीच्या डॉक्टरांनी सांगितलं की उन्हाळ्यात हिला समुद्रावरच्या दमट हवेतून जरा वर डोंगरावर न्या. मात्र फार दमवू नका. आग्नेलच्या साहेबांचा माथेरानला बंगला होता. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा ते आपण होऊन म्हणाले, मे महिन्यात आठवडाभर बंगला रिकामा आहे, तुम्ही जा, तिथला माळी स्वयंपाकाचंही बघेल.

आता बेत म्हटल्यावर आग्नेलला दुसरं काही सुचेना. चालणं आणि विसावा यांचा मेळ कसा घालायचा, हा त्याच्यापुढचा पेच होता. त्याने तो सोडवला. भल्या सकाळी मार्गारेट झोपलेली असताना मुलांना घेऊन लांबचा पॉइंट गाठायचा. उन्हं तापायच्या आत परतायचं. दुपारी सगळ्यांनी व्हरांड्यात पडून राहायचं. संध्याकाळी मार्गारेटला बरोबर घेऊन सपाट वाटेने जवळच कुठे तरी सूर्य बुडताना बघायला जायचं, दम लागलाच तर हातरिक्षा होतीच. आणि एक दिवस पुरता त्याचा एकट्याचा. त्या दिवशी तो पाय दुखेपर्यंत चालणार होता.

या सगळ्यात इझाबेल कुठेच नव्हती.

इझाबेल त्याची थोरली बहीण. घरात सगळे तिला बाय म्हणत. आग्नेल मराठी शाळेत तिसरीत होता तेव्हा त्यांची आई तापाने गेली. इझाबेल तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. वडिलांनी, सॅन्टनबाबांनी, तिची शाळा सोडवली ती कायमची. चूल तिच्याकडे आली, मग गुरं आली, मग वाडी आली. स्थळं येत, पण बाबा म्हणत, आग्नेल मॅट्रिक होऊ दे. मॅट्रिक झाला, तर म्हणाले, नोकरीला लागू दे. नोकरी लागली आणि त्याच वर्षी बाबांच्या एका अंगावरून वारं गेलं. मग स्थळं यायची थांबली. कुणी काही बोललं नाही, इझाबेलही नाही. पहाटे उठून ती रहाटाला रेडा जुंपायची, केळीच्या आळ्यांत पाणी फिरवायची, बाबांना उठवून बसवायची, आग्नेलचा डबा भरायची. आग्नेल गाडी पकडायला निघे तेव्हा ती गुडघाभर चिखलात उभी राहून पाटाचं तोंड बदलत असे. तो रोज त्या वाटेने जायचा आणि रोज मान फिरवायचा.

हे मान फिरवणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. आपल्या अंगावरचा कोट, आपलं इंग्रजी, आपली मुलं, हे सगळं कुणाच्या जिवावर उभं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच बघवत नव्हतं. माथेरानच्या बेतात त्याला डोंगराची ओढ होतीच, पण तिच्याखाली आणखी एक ओढ दडलेली होती आणि ती त्याने स्वतःलाही नीट कळू दिली नव्हती. त्याला आठवडाभर अशा ठिकाणी राहायचं होतं, जिथे इझाबेल डोळ्यांपुढे नसेल.

मार्च महिन्यातल्या एका रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परतल्यावर ओट्यावर बसून त्याने सगळ्यांना बेत ऐकवला. मुलं हरखली. बाबा आरामखुर्चीत पडून ऐकत होते. इझाबेल खांबाला टेकून वालाच्या शेंगा सोलत होती. आग्नेलचं बोलून झाल्यावर तिने हातातलं काम न थांबवता विचारलं, “तिथं सकाळची थंडी पडते का रे? मे महिन्यातसुद्धा?”

“पडते थोडी,” आग्नेल म्हणाला, आणि लगेच पुढे म्हणाला, “तुला न्यायचं माझ्या मनात होतं, बाय. पण बाबांना कोण बघणार? आणि मे महिन्यात केळीला चार दिवस पाणी चुकलं तर वाडी हातची जाईल.”

“मी सहज विचारलं,” इझाबेल म्हणाली.

तो विषय तिथेच मिटला असता. पण त्यानंतरच्या आठवड्यात शेजारच्या ऑगस्टीनची बायको सेलिन आग्नेलला चर्चच्या आवारात भेटली. सेलिन आणि इझाबेल लहानपणापासूनच्या मैत्रिणी. ती बाजूला घेऊन म्हणाली की बाबांना मी बघीन, रहाट ऑगस्टीन चालवील, आठवड्याचा तर प्रश्न; तेवढं बायला घेऊन जा. आग्नेलने तिचे आभार मानले आणि बघतो म्हणाला.

त्याने काही बघितलं नाही. घरी जाऊन बोलायचं म्हणून तो निघाला खरा, पण वाटेत त्याच्या मनात एकेक गोष्ट उभी राहू लागली. बाय आली की मार्गारेटला विसावा कसला? बाय पहाटे उठणार, झाडू हातात घेणार, आणि मार्गारेट संकोचून अंथरुणातून उठणार. बाय माळ्याला स्वयंपाक करू देणार नाही. कारणं खोटी नव्हती. ती एकावर एक रचत तो घरापर्यंत पोचला, तेव्हा त्यांची भिंत इतकी उंच झाली होती की पलीकडचं काही दिसेना. इझाबेलने त्याला पाणी आणून दिलं. तो प्यायला आणि बोलला नाही.

ईस्टरच्या आधी सगळं गाव कुमसाराला जातं. पाद्र्यापुढे गुडघे टेकून वर्षाची पापं सांगायची. आग्नेलही गेला. ऑफिसात एकाशी खोटं बोललो, मुलावर हात उगारला, दोन रविवारी मिस्सा चुकवली, असं सगळं सांगून झालं. सेलिनची गोष्ट ओठांवर आली. पण हे पाप देवाच्या दहा आज्ञांपैकी कोणत्या आज्ञेत बसतं, हे त्याला ठरवता येईना. चोरी नाही, खोटी साक्ष नाही. एक माणूस काही बोलला आणि आपण ते दुसऱ्याला सांगितलं नाही, एवढंच. फादरांनी विचारलं, आणखी काही? तो नाही म्हणाला. बाहेर आला तेव्हा त्याला वाटलं, आत गेलो तेव्हा होतो त्याहून आपण जड झालो.

मे महिन्यात ठरल्या दिवशी टांगा दारात आला. इझाबेलने रात्रीच दशम्या करून ठेवल्या होत्या. मार्गारेटसाठी तिने स्वतःची लोकरीची शाल काढून दिली, ज्युलियसच्या खिशात सुकेळ्यांची पुडी कोंबली. टांगा वळणावर गेला तेव्हा मुलं मागे वळून हात हलवत होती. आग्नेल समोर बघत होता.

माथेरान होतं तसंच होतं. नेरळहून छोटी गाडी वळसे घेत चढू लागली तेव्हा मुलं खिडकीला चिकटली, आणि मार्गारेटच्या चेहऱ्यावर हिवाळ्यानंतर पहिल्यांदा तजेला दिसला. बंगला झाडीत होता. माळी म्हातारा आणि कमी बोलणारा. त्याने खोल्या झाडून ठेवल्या होत्या आणि आतल्या मोठ्या खोलीत पाहुण्यांसाठी खाटा मांडल्या होत्या. त्यांत एक खाट जादा होती. साहेबांनी कळवताना घरातली मोठी माणसं तीन असं कळवलं होतं, माळ्याला एवढंच माहीत. बाबा जागचे हलू शकत नाहीत हे साहेबांना ठाऊक होतं, पण बाय येणार नाही हे कुठून ठाऊक असणार? पांढरी चादर, उशी, पायथ्याशी घडी घातलेली घोंगडी. आग्नेल म्हणाला, ही काढून टाका. माळी म्हणाला, राहू दे साहेब, कपडे ठेवायला होईल.

पहिल्या दिवसापासून बेत घड्याळासारखा चालला. सकाळी मुलांना घेऊन तो निघे. ज्युलियस दमला की त्याला खांद्यावर घेई. दुपारी सगळी व्हरांड्यात लवंडत. मार्गारेट चांगली झोपायची, चांगली जेवायची. जे जे ठरवलं ते ते होत होतं. फक्त आग्नेलला त्यातलं काही अंगी लागत नव्हतं. चालताना तो चालत नव्हता, पडल्यावर त्याला झोप येत नव्हती. दुपारी डोळे मिटले की त्याला वाटे, आता राजोडीला रहाट सुटला असेल, आता बाय बाबांना जेवू घालत असेल, आता ती भांडी घासायला बसली असेल. घरी असताना मान फिरवून ज्या गोष्टी त्याने वर्षानुवर्षं टाळल्या, त्या इथे डोळे मिटूनही टळेनात. खोलीत गेलं की ती खाट. मुलांनी तिच्यावर टोप्या आणि वाटेत गोळा केलेली फळं टाकली होती, तरी ती खाट दुसऱ्या कशासारखी दिसेना.

एके सकाळी तो ग्रेसीला एकटीलाच घेऊन पश्चिमेकडच्या एका टोकावर गेला. ग्रेसी सात वर्षांची, चालण्यात बापाच्या वरताण. कड्याशी घातलेल्या कठड्यापाशी उभी राहून ती बराच वेळ डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. खाली धुरकट ऊन पसरलं होतं, त्यापलीकडे काही म्हणता काही दिसत नव्हतं.

“काय शोधतेस?” आग्नेलने विचारलं.

“समुद्र. आत्या म्हणाली, इतक्या उंचावरून आपला समुद्र दिसतो का ते बघून ये आणि मला सांग. तिला बघायचा होता.”

“तिला बघायचा होता, असं ती म्हणाली?”

“हो. आपल्या गावाकडून डोंगर दिसतो, तर डोंगरावरून आपलं गाव दिसायलाच पाहिजे, म्हणाली. बाबा, तिला का नाही आणलं?”

आग्नेलने तेच सांगितलं, आजोबा आणि केळी. ग्रेसीला ते पटलं. मुलांना मोठ्यांची कारणं लवकर पटतात. ती पुढे पळाली, आणि तो कठडा धरून तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने आपल्याला दरी बघवत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. चालायची इतकी हौस असलेला माणूस, पण बंगल्याकडे परततानाची वाट त्याला लांबलचक वाटली.

त्या दुपारी मुलं झोपल्यावर त्याने मार्गारेटला सगळं सांगून टाकलं. सेलिन काय म्हणाली होती, आणि आपण ते कसं दाबून ठेवलं. मार्गारेट वेताच्या खुर्चीत बसली होती. इझाबेलची शाल तिच्या गुडघ्यांवर होती. तिने त्याला मधे तोडलं नाही. त्याचं झाल्यावर म्हणाली, “मला ठाऊक होतं.”

निघण्याच्या आदल्या दिवशी सेलिनने तिलाही विचारलं होतं, की मी एवढं म्हटलं तरी बाय का नाही चालली? मार्गारेटने काही तरी सांगून वेळ मारून नेली होती.

“मग तू मला का नाही बोललीस?”

“तुम्ही बोलला नाहीत ते मला बरंच वाटलं म्हणून,” मार्गारेट म्हणाली. तिचा आवाज खाली आला. “मला बायची भीती वाटते. ती कधी रागावत नाही ना, म्हणून. ती काम करते आणि मी आजारी पडते. इथे तरी आठवडाभर मला तिच्यासमोर आजारी असायचं नव्हतं.”

आजवर आग्नेलला वाटत होतं की हे ओझं आपलं एकट्याचं आहे. ते दोघांचं निघालं म्हणून हलकं काही झालं नाही. शेवटी तोच उठला. म्हणाला, उद्या सकाळी मी खाली उतरतो. घरी मी थांबतो, बायला इकडे पाठवतो. ऑगस्टीन तिला नेरळपर्यंत सोडील, पुढे छोट्या गाडीने ती येईल. अजून निम्मा आठवडा शिल्लक आहे. मार्गारेटने मान हलवली. ती नको म्हणाली नाही.

उजाडता उजाडता तो पायवाटेने नेरळला उतरला, आणि दुपार कलायच्या आत विरारहून टांगा करून राजोडीला पोचला. सगळ्या वाटेने तो मनाशी बोलणं जुळवत होता. बायला आधी हे सांगायचं, मग ते. ती नको म्हणेल, मग आपण असं म्हणायचं. ती डोळे पुसेल. इथपर्यंत त्याने आखलं होतं.

वाडीच्या तोंडाशी तो थबकला. रहाट चालू होता, रेड्यामागे ऑगस्टीन होता. त्याने हात वर करून काही विचारल्यासारखं केलं, आग्नेलने सगळं ठीक आहे अशी खूण केली. बावखलाच्या काठी फणसाखाली बाबांची आरामखुर्ची आणून ठेवलेली होती. बाबा जागे होते. खुर्चीशेजारी जमिनीवर चटई होती आणि चटईवर, डोक्याखाली हात घेऊन, इझाबेल गाढ झोपली होती.

आग्नेलने आपल्या बहिणीला दिवसाउजेडी झोपलेलं जन्मात पाहिलं नव्हतं. झोपेत तिचं तोंड किंचित उघडं पडलं होतं. पायाच्या टाचा चिरलेल्या होत्या, पण स्वच्छ होत्या, चिखलाचा डाग नव्हता. शेजारी केळीच्या पानावर कैरीच्या फोडी आणि मीठ होतं. तो पुढे सरकणार तोच बाबांनी चांगल्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. हेच बाबा घरात दर घटकेला बाय, बाय म्हणून हाका मारायचे.

“उठवू नको तिला,” ते कुजबुजले. “तुम्ही गेल्यापासून दुपारची झोपते.”

तो बाजूला बसून राहिला. इझाबेलला जाग आली तेव्हा आधी तिने त्याला ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला. “मार्गारेटला काय झालं?”

त्याने सांगितलं, काही झालेलं नाही, सगळी बरी आहेत. मी तुला न्यायला, म्हणजे पाठवायला आलोय. कपडे घे, उद्या निघ, इकडचं मी बघतो. जुळवून आणलेलं सगळं एका दमात बोलून गेला. इझाबेल उठून बसली. केस बांधले, लुगड्याचा पदर सारखा केला. मग विचारलं, “हे आजच कसं सुचलं?”

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. त्याने सेलिनचं नाव काढलं, तेव्हा तिने हात वर करून त्याला थांबवलं.

“सेलिनला मीच पाठवलं होतं तुझ्याकडे.”

“तू?” आग्नेलने विचारलं.

“मला स्वतःहून मागायची लाज वाटली. या वयात कसला डोंगर बघायचा, असं कुणी म्हणेल. सेलिनला म्हटलं, तूच सांग त्याला, म्हणजे तो येऊन मला विचारील. तू त्या दिवशी घरी आलास, मी पाणी दिलं. म्हटलं, आता बोलशील. रात्री जेवताना म्हटलं, आता बोलशील. ईस्टरपर्यंत वाट बघितली मी.” ती हे रागाने म्हणत नव्हती. एखाद्या सालच्या पावसाचं सांगावं तसं सांगत होती. “मग सोडून दिलं.”

“माझं चुकलं, बाय.”

“हो,” इझाबेल म्हणाली. “चुकलं.”

जाऊ दे, असं ती म्हणेल, याची तो वाट बघत होता. आयुष्यभर ती जाऊ दे म्हणत आली होती. पण ती तेवढंच बोलून थांबली. पलीकडे रहाटाची कुरकुर चालली होती, बाबा झाडाकडे बघत होते.

“तर मग चल,” तो म्हणाला. “अजून दिवस आहेत. खोलीत एक खाटही रिकामी आहे.”

“नाही येणार मी. तुम्ही सगळे गेलात त्या दिवशी घर रिकामं झालं. डबा नाही, मुलांची शाळा नाही, मार्गारेटचं औषध नाही. सेलिन आली, बाबांना तिने बघितलं, ऑगस्टीन विहिरीवर गेला. मी नुसती बसले, आणि मला कळलं की मी दमलेय. इतकी दमलेय हे मला माहीतच नव्हतं रे. आता कुठे पाठ टेकली, तर तू सांगायला आलास की उठ आणि डोंगर चढ. आणि का, तर तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून.”

आग्नेलने मान खाली घातली. इतकी साधी गोष्ट त्याच्या एवढ्या आखीव डोक्यात आली नव्हती. तिचा विसावा मोडायलाच तो एवढा डोंगर उतरून आला होता.

इझाबेलने कैरीची एक फोड त्याच्यापुढे केली. त्याने ती घेतली. मग ती म्हणाली की मार्गारेट बिचारी तिथे दोन मुलं घेऊन एकटी आहे, तू उद्या सकाळी परत जा. आणि आता आलाच आहेस तर विहिरीवर जा, ऑगस्टीन सकाळपासून राबतोय.

आग्नेलने कोट काढला आणि धोतर खोचून तो रेड्यामागे गेला. हे काम त्याने मॅट्रिकनंतर केलं नव्हतं. रेड्याला ते तिथल्या तिथे समजलं आणि तो दर फेरीला उभा राहू लागला. पाटाचं तोंड कधी बदलायचं हे आग्नेलला कळेना. एका आळ्यात तळं झालं, दुसरं कोरडं राहिलं. इझाबेल फणसाखालून बघत होती. तिने हाक मारून एकदाही सांगितलं नाही की असं नाही, तसं. पूर्वी कधीही तिला राहवलं नसतं, ती उठून आली असती. ती उठली नाही, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी तो परत गेला. नेरळहून माथेरानपर्यंत तो पायीच चढला. इतकी वर्षं ज्या चढाची स्वप्नं पाहिली, तोच चढ, तीच तांबडी वाट. पण घाम पुसत चढणाऱ्या त्या माणसाला आपण कुणाचं भलं करायला गेलो होतो आणि काय करून आलो, एवढंच आठवत होतं. मार्गारेट व्हरांड्यात उभी होती. तो एकटाच आलेला बघून तिला सगळं कळलं. त्याने तिला झालं ते सांगितलं. एकट्याने लांब चालायचा जो दिवस त्याने राखून ठेवला होता, तो त्याने मार्गारेटशेजारी बसून काढला. चालणं आणि विसावा यांचा मेळ त्याने घातला होता खरा. पण कुणाच्या चालण्याचा आणि कुणाच्या विसाव्याचा, हे मात्र त्याने आधी कुणालाच विचारलं नव्हतं.

घरी परतल्यावर लगेच काही पालटलं असं नाही. इझाबेल पहाटे उठत होती, डबा भरत होती. एक मात्र झालं. दुपारी जेवणं उरकली की ती फणसाखाली चटई टाकून पडायची, आणि तेवढ्या वेळात बाबांनी हाक मारलीच तर मार्गारेट उठायची. सुरुवातीला मार्गारेट चाचरत उठे. मग तिला ती सवयच झाली. रविवारी विहिरीवर आग्नेल जाऊ लागला. ऑगस्टीन गावभर सांगायचा, आग्नेलच्या राज्यात केळी एक तर पोहतात नाहीतर उपास करतात.

पंचावन्नच्या मार्चमध्ये, असंच मिस्साहून आल्यावर, इझाबेलने ओट्यावर सगळ्यांना सांगितलं की यंदा मी माथेरानला जाणार. मार्गारेट, मुलं आणि मी. आग्नेल घरी राहील, सेलिन बाबांकडे येऊन-जाऊन बघेल. तिने कुणाला विचारलं नाही. आग्नेलने साहेबांकडे शब्द टाकला आणि मे महिन्यात आठवडाभर रजा घेऊन तो वाडीत राहिला.

तो आठवडा त्याला जड गेला. हात सोलवटले, पाठ धरली. बाबा रात्रंदिवस हाका मारत. आईच्या मागे इझाबेलने हे सगळं किती वर्षं केलं, याचा हिशेब करायला तो एकदा बसला आणि मधेच थांबला. एका आठवड्याने त्यातलं काही फिटणार नव्हतं, आणि ते आपण मनातल्या मनात फेडू पाहतो आहोत याचीच त्याला शरम वाटली.

मंडळी परत आली त्या संध्याकाळी भात आग्नेलने केला होता. तळाला करपला होता. इझाबेल उन्हाने काळवंडली होती आणि तिच्या पायांत माथेरानच्या बाजारातल्या कातडी चपला होत्या. जेवताना ती बोलू लागली. माकडाने मार्गारेटच्या हातातली कणसं कशी पळवली, ज्युलियस घोड्यावर बसून कसा रडला, पहाटे एकटी उठून ती कड्यापर्यंत कशी गेली आणि धुकं पायांखालून कसं वर आलं. मधेच ती आणि मार्गारेट एकमेकींकडे बघून हसल्या. कशाला, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बाबांनी घास तोंडाशी धरून ठेवला होता. आग्नेल वाढत होता. आपल्या बहिणीला इतकं सलग बोलताना आपण कधी ऐकलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि ते ध्यानात यायला आपल्याला इतकी वर्षं लागली हेही. त्याने तिच्या पानात करपलेला भाग वगळून भात वाढला. तिने तो न बघताच कालवला आणि पुढचं सांगायला घेतलं.